दर शनिवारी मी कुठे जातो? (एक अभ्यासपूर्ण खुलासा)

आमच्या हॉस्टेलच्या रजिस्टरमध्ये 'नाइट आउट'च्या पानावर गेली दोन वर्षं दर शनिवारी एक नाव ठरलेलं असतं. ते माझं. कारणाच्या रकान्यात मी 'गावी' असं लिहितो. रेक्टर सरांना ते खरं वाटत नाही, आणि रूम पार्टनरला तर मुळीच नाही. रत्नागिरीकडे माझी 'कुणीतरी' आहे अशी आख्ख्या विंगची पक्की समजूत आहे. मित्रांनो, आहे. साडेतीन एकर आहे, उतारावर आहे, आणि तिला रस्ता नाही, लाइट नाही, मोबाइलची रेंज नाही. फायनल इयरला आल्यावर आता लपवण्यात अर्थ नाही, म्हणून हा लेख. शिवाय फ्लुइड मेकॅनिक्स आणि बेसिक इलेक्ट्रिकल हे दोन विषय मी वर्गात पास झालो आणि तिथे नापास झालो, ते कसं हेही सांगायचं आहे.

कोल्हापूरहून रत्नागिरीची एसटी धरायची. मलकापूर गेलं, आंबा घाट उतरला की साखरपा. तिथे उतरून मिळेल त्या वाहनाने गावापर्यंत, आणि शेवटचा दीड किलोमीटर पायी. पाखाडी संपते तिथून आमची जमीन सुरू होते. वर जांभ्याचा सडा, खाली पऱ्या, मधे रान. ऐन, किंजळ, हेद, खैर, चार जुने फणस, एक आंबा आणि बाकी सगळी करवंदाची जाळी. आजोबांच्या वेळी इथे नाचणी आणि वरी व्हायची. ते गेल्यावर बाबा इचलकरंजीला फिटर म्हणून लागले, काका मुंबईला गेला, आणि तीस वर्षं कुणी विळासुद्धा न लावल्यामुळे तिथे रान उठलं. रान वाढवायला कधी कधी काहीच करावं लागत नाही, हे मला तिथेच कळलं.

२०२३ साली बाबा रिटायर झाले. त्याच वर्षी काकाकडे एक लाकडाचा ठेकेदार आला. आमच्या भागात ही पद्धत जुनी आहे. उभं रान मोजायचं, एकरकमी पैसे द्यायचे, परवाने काढायचे आणि आठ दिवसांत डोंगर बोडका करायचा. आकडा होता चार लाख. काकाच्या मुलीचं लग्न ठरत होतं, त्याचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. सातबाऱ्यावर दोघांची नावं, त्यामुळे बाबांची सही हवी. बाबा म्हणाले, "मला दोन वर्षं दे. २०२५ च्या दिवाळीला तू ये. तिथे राहण्यासारखं झालं असेल तर तोडायचं नाही. नसेल, तर मी गुपचूप सही करतो." दोन वर्षं म्हणजे शंभर शनिवार. त्यातून पावसाळा आणि परीक्षा वजा करा.

ज्यांच्या घरी अशी जमीन असेल त्यांनी आधी एक काम करावं, जे आम्ही सुदैवाने केलं. सातबाऱ्याचा 'इतर हक्क' हा रकाना वाचावा. १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्याखाली तिथे वनाची नोंद असेल, तर पुढचं सगळं गणित बदलतं. आणि आपलं झाड म्हणून आपण वाटेल ते तोडू शकतो, हाही गैरसमज आहे. १९६४ च्या झाडतोड विनियमन कायद्यात ऐन, किंजळ, खैर, आंबा, फणस ही झाडं येतात, त्यांना परवानगी लागते. आमची नोंद स्वच्छ होती. घरासाठी एकही झाड तोडावं लागलं नाही, कारण आजोबांच्या घराचं जोतं शाबूत होतं. त्यावरच दहा बाय बाराची खोली बांधली. जांभ्याचा एक चिरा तीसएक किलोचा. दीड किलोमीटर डोक्यावरून. यावर जास्त लिहीत नाही, मान अजून दुखते.

आता पाणी. पऱ्याच्या वरच्या अंगाला खडकातून एक झरा येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये मी तिथे वीस लिटरची बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन बसलो. बादली आठ सेकंदांत भरली. म्हणजे सेकंदाला अडीच लिटर! झरा घरापेक्षा चौदा मीटर उंच. हे मी गवंड्याच्या लेव्हल ट्यूबने मोजलं होतं. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी जुळवत जायचं, साधं आणि अचूक. मग माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. पॉवर म्हणजे प्रवाह गुणिले ९.८१ गुणिले उंची गुणिले एफिशियन्सी. २.५ × ९.८१ × १४ × ०.५ म्हणजे जवळजवळ १७० वॅट, तेही रात्रंदिवस, फुकट. मी मिनी प्रोजेक्टला 'पिको हायड्रो' हा विषय लावून टाकला. स्टीलचे डाव वापरून पेल्टन व्हीलची ड्रॉइंगसुद्धा काढली.

शेजारच्या वाडीतले आबा गुरं घेऊन तिथून जातात. त्यांनी विचारलं, "काय मोजतोस?" सांगितलं. ते म्हणाले, "आता कशाला मोजतोस? मे म्हयन्यात मोज." मी मनात म्हटलं, यांना कुठे माहीत फ्लो रेट.

मे २०२४ मध्ये त्याच जागी तीच बादली भरायला साडेपाच मिनिटं लागली. सेकंदाला ०.०६ लिटर. वरच्याच सूत्रात घाला. चार वॅट! आमच्या मेसच्या देवघरातला लाल दिवासुद्धा यापेक्षा जास्त खात असेल. कोकणात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, पण तो पडतो चार महिन्यांत, आणि जांभा म्हणजे चाळण. नोव्हेंबरात झरा जे देतो ते पावसाचं व्याज असतं. डिझाइन नेहमी वाईटातल्या वाईट महिन्यावर करायचं, हे मशीन डिझाइनमध्ये मी 'वर्स्ट केस' या नावाने पाठ केलं होतं. प्रोजेक्ट बदलावा लागला. गाइड सरांनी व्हायवाला एवढंच विचारलं, "बादली तीच होती ना?"

पण त्याच ०.०६ कडे दुसऱ्या बाजूने पाहा. मिनिटाला साडेतीन लिटर, म्हणजे दिवसाला पाच हजार लिटरच्या वर. झरा रात्री झोपत नाही, हाच मुद्दा. आम्ही घरामागे हजार लिटरच्या दोन टाक्या बसवल्या आणि निम्मंच पाणी घ्यायचं ठरवलं. उरलेलं पऱ्यात जाऊ द्यायचं, कारण खाली आबांची गुरं पितात आणि आमच्याही आधी तिथे रानडुकरं पीत होती. निम्मं म्हणजे अडीच हजार लिटर. चार माणसांना चारशे पुरे, साठ रोपांना वीस-वीस लिटर धरले तरी बाराशे. पुरून उरतं.

हे सगळं मी आधी-नंतर करून सांगतोय, कारण मधल्या जानेवारीत एक मोठा पोपट झाला. ३२ मिलीमीटरचा काळा एचडीपीई पाइप, १८० मीटर, नऊ हजारांच्या घरात खर्च. घर्षणाचा हिशोब मी वहीत दोनदा केला होता, एवढ्या प्रवाहाला अर्धा मीटरसुद्धा हेड जात नाही. चौदा मीटरांतून अर्धा गेला तर बिघडलं काय? पाइप जमिनीच्या चढउतारावरून तसाच टाकला, वरचं तोंड झऱ्याच्या कुंडीत बुडवलं आणि धावत खाली आलो. नळ उघडला. फुस्स. थोडा वारा आला आणि बंद. अर्धा तास वाट पाहिली. बाबा काही बोलले नाहीत, हेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी प्रत्येक जोड उघडून पाहिला. कुठे गळती नाही, कुठे कचरा नाही. बर्नोली खोटा ठरायची वेळ आली.

पुन्हा आबा. गुरं पुढे जाऊ दिली, पाइपाच्या कडेने वरपर्यंत चालत गेले आणि परत आले. म्हणाले, "पायपात वारा भरलाय. त्येला जायाला वाट दे."

हा एअरलॉक. पुस्तकात त्यावर अर्धी ओळ असते, म्हणून इथे नीट सांगतो. आमचा पाइप झऱ्यापासून ५ मीटर खाली येत होता, मग एका उंचवट्यावर ३ मीटर चढत होता, मग ८ मीटर उतार, परत ४ मीटर चढ आणि शेवटी ८ मीटर उतार. बेरीज वजाबाकी केली की बरोब्बर १४. पण रिकाम्या पाइपात पाणी सोडलं की ते उंचवट्यावरून पलीकडे निथळतं, खालच्या खोलगट भागात साठतं आणि मधल्या उतारातली हवा कोंडली जाते. आता दाब मोजा. पहिल्या खोलगट जागी ५ मीटरचा दाब. ३ चढलो, उरले २. पुढच्या ८ मीटर उतारात पाणी नाही, हवा आहे. हवेला वजन नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून तिच्या वरच्या टोकाला २ तर खालच्या टोकालाही २च. तो ८ मीटरचा उतार आपल्याला काहीच देत नाही. आणि समोर चढायचे आहेत ४. दोनाच्या जोरावर चार चढता येत नाहीत. खेळ खलास.

उपाय दोन. पाइप असा टाकायचा की तो कुठेही वर चढणार नाही, त्यासाठी वळसा पडला तरी चालेल. किंवा प्रत्येक उंचवट्याच्या माथ्यावर टी बसवून छोटा कॉक लावायचा. तो उघडला की हवा सूं करत निघते, मग पाणी थुंकतं, मग बंद करायचा. आधी वरचा, मग खालचा. आम्ही दोन कॉक लावले, सगळे मिळून तीनशे रुपये. रविवारी संध्याकाळी पाच वाजता नळाला पाणी आलं. बाबांनी ओंजळ भरून प्यायलं आणि आबांना म्हणाले, "चहा घ्या." मला म्हणाले, "तुझी एसटी जाईल."

विजेचं थोडक्यात सांगतो, कारण तिथली चूक लाज वाटण्यासारखी आहे. आमची गरज अगदी मामुली होती. सात वॅटचे तीन एलईडी दिवे चार तास, एक छोटा पंखा, दोन मोबाइल. एका रात्रीला २७० वॅट-अवर. शंभर वॅटचं पॅनल आणि १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी, म्हणजे १२०० वॅट-अवर, त्यातलं निम्मंच वापरायचं. शनिवार-रविवारवाल्या माणसाची एक मजा अशी की त्याला मोठं पॅनल लागत नाही. पाच दिवस बॅटरी भरत राहते आणि तो दोन रात्री खातो.

पॅनल पत्र्यावर लावलं. वर ऐनाची फांदी. पॅनलमधले सेल एका माळेत असतात, त्यामुळे दहा टक्के सावलीने दहा टक्के वीज जात नाही, कधी कधी निम्मी जाते. म्हणून ते तीस मीटर लांब, मोकळ्या जागेत खांबावर नेलं आणि घरात उरलेली दीड चौरस मिलीमीटरची वायर जोडली. जायचे तीस, यायचे तीस, साठ मीटरचा रेझिस्टन्स ०.७३ ओहम, करंट पाच अँपिअर. साडेतीन व्होल्ट वायरीतच खलास! तापलेलं पॅनल जेमतेम सोळा देतं आणि बॅटरी भरायला चौदाच्या वर लागतात. चार चौरस मिलीमीटरची वायर टाकल्यावर काम झालं. २३० व्होल्टवर जो ड्रॉप आपण हसून सोडतो, तो १२ व्होल्टवर जीव घेतो.

खरी लाज पुढे आहे. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये पाच आठवडे जाता आलं नाही. गेलो तर बॅटरी ठार. दुकानदार म्हणाला सल्फेशन. दिवे बंद, पंखा बंद, मग खाल्ली कुणी? इन्व्हर्टरने. काहीही न चालवता तो चालू असला की दहा वॅट घेत बसतो. दहा वॅट गुणिले २४ तास गुणिले ५ दिवस, झाले १२०० वॅट-अवर. आख्खी बॅटरी! पावसाळ्यात भरणं जवळजवळ शून्य आणि हा उंदीर आत. आता इन्व्हर्टरच काढून टाकला. सगळे दिवे आणि पंखा बारा व्होल्टचेच, आणि दाराशी एक मेन स्विच. कुलूप लावायच्या आधी तो पाडायचा. त्यावर बाबांनी खडूने 'आधी मी' असं लिहिलंय.

संडासाचे दोन खड्डे झऱ्याच्या आणि पऱ्याच्या दोन्हींपासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला घेतले. जांभ्यातून पाणी झपाट्याने झिरपतं, त्यामुळे याबाबतीत आळस नको. फुरशाबद्दलही सांगायला हवं. जांभ्याच्या दगडाखाली वीतभर, मातीच्या रंगाचं जनावर असतं, दिसत नाही. दगड हाताने उचलायचा नाही, आधी पहारीने उलटायचा. गमबूट आणि बॅटरी. आणि प्रतिसर्पविष जवळात जवळ कुठल्या सरकारी दवाखान्यात मिळतं, तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवायचं. चावल्यावर नाही.

आता जे लिहायचं टाळत होतो ते.

मार्चमध्ये ऐन-किंजळाची पानं गळून रानात घोट्याइतका पाचोळा साठतो. भाताच्या तरव्यासाठी खालच्या शेतांतून भाजावळ करतात. वारा फिरला की तेच वणव्याचं कारण होतं. कुणी मुद्दाम करत नाही. यावर उपाय जाळरेषा, म्हणजे हद्दीच्या कडेने तीन मीटर रुंदीचा पट्टा पार मातीपर्यंत साफ करायचा. २०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही वरची आणि दोन्ही बाजूंची रेषा केली. खालची राहिली. बाबा म्हणाले, "या शनिवारी खालची घेऊ." तो शनिवार माझ्या सबमिशनचा होता. पुढचा शनिवार ट्रेडिशनल डेचा होता. ट्रेडिशनल डेला न जाता आलं असतं. मी गेलो.

मार्चच्या एका बुधवारी आग खालूनच आली. आग चढावर जास्त वेगाने पळते, कारण ज्वाळा वरच्या पाचोळ्याकडे कलतात आणि तो पेटायच्या आधीच तापलेला असतो. चढ दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट, असा ठोकताळा आहे. आमचा उतार वीस अंशांचा, म्हणजे चौपट. बाबा एकटे होते. रेंज सड्यावर आणि आग सड्याकडेच चाललेली. आबा आणि वाडीतली सात-आठ माणसं धूर बघून धावली, हिरव्या डहाळ्यांनी दोन तास झोडपून त्यांनी ती घराच्या खाली वीस पावलांवर अडवली. मला रात्री साडेनऊला मेसमध्ये फोन आला. बाबा साखरप्याहून बोलत होते. आवाज नेहमीसारखा. "हाताला थोडं भाजलंय, पट्टी केली. रोपं गेली बरीच. तुझं सबमिशन झालं का?"

साठांपैकी त्रेचाळीस रोपं गेली. मोठी झाडं बहुतेक वाचली, ऐनाची साल जाड असते. आणि पाइप, जो मी पुरायचा कंटाळा केला होता, तो चाळीस मीटर वितळून काळ्या मेणासारखा दगडांवर पसरला होता. एचडीपीई साधारण १३० अंशांना वितळतं. हे मला मटेरियल सायन्सच्या पेपरात आलं होतं आणि मी बरोबर लिहिलं होतं.

एप्रिल-मेमध्ये मी हॉस्टेलवर फारसा दिसलो नाही, हे काहींनी पाहिलं असेल. खालची जाळरेषा आधी केली, सीझन संपत आला असला तरी. मग जळालेला पाइप बदलला आणि या वेळी दीड फूट खोल चरात पुरला. जांभ्यात चर खणणं म्हणजे काय ते सिव्हिलवाल्यांनी एकदा येऊन पाहावं. दिवसाला पाच-सहा मीटर. जून लागेपर्यंत १८० पैकी १२० मीटर जमिनीखाली गेला. उरलेला साठ मीटर अजून उघडा आहे.

दिवाळीला काका आला. काकू आणि चुलत बहीणही. बोलणं फारसं झालं नाही. बाबांच्या हातावरचा डाग काकाने पाहिला, विचारलं नाही. रात्री जेवण झालं, सगळे दिवे चालू होते, पंख्याची गरज नव्हती तरी बाबांनी तो लावून दाखवला. पहाटे पाचला कसल्या तरी आवाजाने मला जाग आली. बाहेर काका. चाळीतल्या सवयीने पाचला उठून घरातल्या सगळ्या बादल्या, हंडे, अगदी चहाचं पातेलंसुद्धा भरून ठेवत होता. मी म्हटलं, "काका, इथे जात नाही पाणी." तो म्हणाला, "जात नाही म्हणजे?" मी टाकी दाखवली. त्याने झाकण उघडून आत बॅटरी मारली आणि बराच वेळ बघत राहिला.

चहाच्या वेळी तो बाबांना म्हणाला, "दादा, त्या ठेकेदाराला काय सांगू?" बाबा म्हणाले, "काय सांगायचं ते तूच सांग." त्याने अजून काही कळवलेलं नाही, आमच्या माहितीप्रमाणे. बहिणीचं लग्न मे महिन्यात आहे आणि बाबांनी पीएफमधले काही पैसे काढून काकाला दिलेत, हे मला आईकडून कळलं.

साठ मीटरचा चर मार्चच्या आत व्हायला हवा. कुणाला शनिवार मोकळा असेल तर रूम नंबर विंगमध्ये कुणालाही विचारा. पहार आणि टिकाव तिथे आहेत. जेवण पिठलं-भात, आबांच्या घरून ताक. फुल पँट आणि बूट लागतील, चप्पल चालणार नाही. रजिस्टरमध्ये कारण 'गावी' असं लिहावं.